तुळशीरामच्या खाचरातला सिग्नल

आमच्या ओटीवर उभं राहिलं की माझ्या मुलीची शाळा समोर दिसते. प्रार्थना सुरू झालेली ऐकू येते, उशिरा आलेल्या मुलांना बाहेर उभं केलेलंही दिसतं. मध्ये फक्त रस्ता आहे. चौपदरी, मधोमध दुभाजक, आणि त्यावरून दिवसभर डंपर, पाण्याचे टँकर आणि स्टेशन गाठायला उशीर झालेली माणसं. माझ्या सासऱ्यांना विचाराल तर तो रस्ता नाहीच. ते त्यांचं भाताचं शेत आहे.

माझे सासरे कमळाकर. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. रस्त्यात त्यांची जमीन गेली, मोबदला आला, त्यातून हे दुमजली घर उभं राहिलं, माझ्या नवऱ्याची म्हणजे हरेशची ट्रकएवढी गाडी आली. सगळं रीतसर झालं. फक्त शेत गेलं ही बातमी आबांपर्यंत पोचायची राहिली. "काल मोठ्या खाचरात टेम्पो आडवा झाला," असं ते जेवताना सांगतात, आणि आम्हाला कळतं की पेट्रोल पंपासमोर झाला असणार. "उंबराखाली पोलीस उभा हाय, हेल्मेट घाल," असं मी स्कूटर काढली की सांगतात. उंबर तोडून जमाना झाला. पण पोलीस बरोबर तिथेच असतो.

या शेतात एक बांध होता, घराच्या फाटकापासून सरळ पलीकडे जाणारा. आबा अजूनही रोज त्याच बांधावरून चहाला जातात. म्हणजे फाटकातून निघतात, रस्त्याच्या कडेला थांबतसुद्धा नाहीत, उजवा हात वर करतात आणि चालू लागतात. रस्ता होत होता तेव्हा त्यांनी तिथे खुर्ची टाकून ठाण मांडलं आणि दुभाजकात माणूस जाईल एवढी फट ठेवून घेतली. गाड्या करकचून ब्रेक मारतात. निम्मे ड्रायव्हर गावातले असतात, ते म्हणतात, "जा आबा, सावकाश." उरलेले निम्मे जे म्हणतात ते आबांना ऐकू येत नाही, किंवा ते तसं दाखवतात.

सिग्नल आहे. झेब्रा क्रॉसिंगही आहे, चांगलं ठसठशीत. थोडंसं पुढे, घाम यायच्या आत पोचता येईल इतक्याच अंतरावर. पण आबा तिथून जाणार नाहीत, कारण तो सिग्नल तुळशीरामच्या खाचरात आहे.

तुळशीरामकाकांचं शेत आबांच्या शेताला लागून होतं. हरेश पाळण्यात असताना कोणी कोणाचा बांध कोरला यावरून दोघांची जुंपली, आणि आबांनी पंचांसमोर सांगितलं की याच्या शेतात पुन्हा पाय ठेवणार नाही. पुढे दोघांची शेतं एकाच डांबराखाली गेली. पंचांपैकीही आता कोणी नाही. पण आबांचा शब्द जागच्या जागी आहे. देवळात दोघं समोरासमोर आलेच तर एक जण दुसरा निघून जाईपर्यंत घंटा वाजवत राहतो.

हे सगळं मी हसत हसत सांगतेय, कारण लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी यावर हसतच आलेय. पोर शाळेत एकटी जायची वेळ आली तेव्हा मात्र हसू थांबलं.

निशा पाचवीत आहे. इतकी वर्षं ती शाळेच्या व्हॅनने जायची. ती व्हॅन आमच्याकडून पोरं उचलून आधी अख्खा सेक्टर फिरते आणि मग समोरच्या शाळेत पोचते. निशाला तीत उलटी होते. खिशात लिंबाची फोड घेऊन जायची बिचारी, आणि परत येताना फोड चघळून चघळून पांढरी झालेली असायची. संक्रांतीनंतर शाळेत नव्या आलेल्या अरुंधती मॅडमनी एक योजना काढली. पाचवीपासूनच्या मुलांनी पायी किंवा सायकलने यायचं, पण आधी सायकल पास मिळवायचा. पाससाठी परीक्षा. मूल पुढे, घरचं एक मोठं माणूस मागे, आणि मोठ्या माणसाने तोंड उघडायचं नाही. घरापासून शाळेपर्यंत मुलाने त्याला सुखरूप न्यायचं. मॅडम अंतर ठेवून बघणार. पास मिळाला की सुरुवातीला तेच मोठं माणूस रोज सोबत जाणार, मग मूल एकटं.

आमच्या घरात सकाळी मोठं माणूस म्हणजे आबाच. हरेश उजाडायच्या आत उरणला गोदामावर जातो, मी पनवेलला हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर सातच्या शिफ्टला असते, आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. मॅडमनी फॉर्मवर आबांचं नाव लिहून घेतलं तेव्हा मला आधी तो बांधच आठवला. पण निशा इतकी खूश होती की मी काही बोलले नाही.

मी जासईची. कंटेनरच्या ट्रेलरांमधून दप्तर घेऊन वाट काढत मोठी झाले. माझे मामा ट्रेलरवर होते. त्यांनी मला लहानपणी एकदा केबिनमध्ये बसवलं, स्वतः खाली उतरून समोर उभे राहिले आणि विचारलं, "मी कुठं हाय?" मला मामा दिसेनातच. तो एक धडा मला जन्मभर पुरला. तोच मी निशाला दिला. रविवारी हरेशच्या गाडीत तिला ड्रायव्हरच्या जागी बसवलं, मी बॉनेटला चिकटून खाली बसले.

"मी दिसते?"

"नाही."

"आता?" मी मागच्या चाकाशी गेले.

"नाही गं मम्मी, कुठे आहेस?"

"म्हणजे ड्रायव्हरचा चेहरा तुला दिसत नसेल, तर त्याच्यासाठी तू नाहीसच. कळलं?"

तिला कळलं. मग अंगणात रांगोळीने झेब्रा काढला. सायकलवरून उतरायचं, सायकल हाताने ढकलत न्यायची. दुभाजकापर्यंत उजवीकडे बघायचं, दुभाजकाच्या पुढे डावीकडे. सासूबाई खुर्चीत बसून डंपरचा आवाज काढायच्या, आणि इतका हुबेहूब काढायच्या की शेजारची कुत्री पळायची. निशा दोन रविवारांत माझ्यापेक्षा बरी झाली.

आबा झोपाळ्यावरून हे सगळं बघत होते. "गाडीला भ्यायचं नाय," ते मध्येच म्हणायचे. "हात वर करायचा. थांबते."

"आबा, तुम्ही परीक्षेत गप्प बसायचंय," मी म्हणायची.

"मी कदी बोलतो काय," असं म्हणून ते बोलत राहायचे.

परीक्षेच्या शनिवारी मी सुट्टी घेतली. निशाने दोन घट्ट वेण्या घातल्या, सायकल पुसली. अरुंधती मॅडम फाटकाशी उभ्या होत्या, पायात बूट, गळ्यात शिट्टी. पुण्याच्या आहेत, समोरच्या टॉवरमध्ये राहतात, आणि बोलण्याआधी नेहमी एकदा "हं" म्हणतात. मी मागे मागे चालले.

निशा फाटकातून बाहेर आली, थांबली, उजवीकडे बघितलं आणि सायकल डावीकडे सिग्नलच्या दिशेने वळवली. अगदी शिकवल्यासारखी. आणि तिच्या मागून आबा निघाले, उजवा हात वर केला आणि सरळ बांधावरून चालू लागले. तोंडातून एक शब्द काढला नाही. नियम पाळला ना त्यांनी.

एका टँकरने ब्रेक मारला. मागच्या स्कूटरवाल्याने शिवी घातली. निशा कडेला उभी राहिली, पुढे सिग्नल आणि तिकडे आबा. मोठं माणूस सोबत हवं हा नियम, आणि मोठं माणूस तर रस्त्याच्या मध्यावर. तिने सायकल फाटकाला टेकवली आणि आबांच्या मागे धावली.

मॅडमची शिट्टी अशी वाजली की मी जागच्या जागी गोठले. निशाही कडेलाच थांबली, देवाची कृपा. पलीकडून आबांनी वळून बघितलं आणि नातीला हाताने बोलावलं, "ये, काय नाय होत."

मॅडमनी रस्ता मोकळा झाल्यावर सगळ्यांना परत आणलं. "हं," त्या म्हणाल्या. "निशा छान शिकली आहे. तिला काहीही सांगायची गरज नाही. पण मी तिला पास देऊ शकत नाही. पुढच्या शनिवारी एकदा परत बघू. तेव्हा नाही जमलं, तर हे वर्ष व्हॅनच."

निशा रडली नाही. तिने दोन्ही वेण्या सोडल्या आणि आतल्या खोलीत जाऊन पडून राहिली. मला मात्र आबांचा असा संताप आला की मी भांडी घासताना दोन कप फोडले.

त्या रात्री सगळे जेवायला बसले. हरेश म्हणाला, "आबा, पोरीसाठी एकदा सिग्नलवरून जा. काय बिघडतंय?"

"तुळशीरामच्या शेतात मी पाय ठेवनार नाय."

"यांचा पाय म्हंजे काय देवाचा पाय," सासूबाई म्हणाल्या. "सगळीकडं ठेवतात, तितंच दुखतो."

मी म्हटलं, "आबा, तुमच्यासाठी गाड्या थांबतात कारण ड्रायव्हर तुम्हाला ओळखतात. निशाला कोण ओळखतं?"

"माजी नात हाय. तिच्यासाठी बी थांबतील."

"थांबल्या ना," निशा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती वरणभात कालवत होती.

"मागच्या रविवारी आजीने सांगितलं, आबांना जेवायला बोलव. ते पलीकडे चहाच्या टपरीवर होते. मी बांधावरून गेले. आबांसारखा हात वर केला. डंपर थांबला. जरा पुढे जाऊन थांबला, पण थांबला."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "अगं, ओटीवरना हाक मार म्हनून सांगितलेलं मी."

"हाक ऐकू गेली नाही," निशा म्हणाली. "आणि आबा तसेच जातात की."

डंपर जरा पुढे जाऊन थांबला. मी हे वाक्य नंतर कितीतरी दिवस ऐकत होते. तिला रागवावं की कवटाळावं हे मला कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. आबा ताट अर्धं टाकून उठले, हात धुतले आणि झोपाळ्यावर जाऊन बसले. झोपाळा हलत नव्हता.

पुढचे दिवस ते चहाला गेलेच नाहीत. फाटकापर्यंत जायचे, रस्त्याकडे बघत उभे राहायचे आणि परत यायचे. सासूबाईंनी घरातच दुपारी दोनदा चहा करून दिला, तर "टपरीची चव नाय" म्हणून कुरकुरत प्यायले.

शुक्रवारी संध्याकाळी मी कामावरून आले तर आबा धुतलेला सदरा घालून तयार. "हेतल, चल माज्यासंगती," मला म्हणाले. "निशाला बी घे."

"कुठे?"

उत्तर न देता चालू लागले. मागच्या आळीत तुळशीरामकाकांच्या दारात जाऊन उभे राहिले, तेव्हा माझ्या लक्षात आलं. काका अंगणात पोपटीची तयारी करत बसले होते, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरत. त्यांनी वर बघितलं आणि त्यांचा हात थांबला.

"कमळाकर? कोन गेलं काय?"

"कोन नाय गेलं." आबांनी घसा साफ केला. "उद्या सकाळी तुज्या खाचरातना जायाचं हाय. नातीला शाळंत न्यायला. इचारायला आलो."

सरकारी रस्त्यावरच्या सरकारी सिग्नलवरून जायची परवानगी मागायला माणूस सदरा बदलून गेला होता. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी पोट धरून हसले असते. पण काकांचा चेहरा बघितला आणि हसू आलं नाही.

"माज्या खाचरातना," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा तेच म्हणाले, हळू. बहुतेक त्या जागेला खाचर म्हणणारं दुसरं कोणी त्यांना कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. "जा की. तुला कवा अडवलं? तूच येत नव्हतास." मग निशाकडे बघून म्हणाले, "बस. पोपटी लावतोय. खाल्ल्याबिगर जायाचं नाय."

आबा थोडा वेळ उभे राहिले, मग बसले. शेंगा निवडायलाही लागले. बांध नक्की कोणी कोरला यावर दोघांचं अजूनही एकमत नव्हतं, आणि मडकं उलटं करून भोवती पेटवलं तरी ते भांडण चालूच होतं. पण भांडताना ते एकमेकांच्या हातात शेंगा देत होते. निशाने इतकं खाल्लं की तिला चालवेना.

शनिवारी मी पुन्हा सुट्टी घेतली आणि सकाळी मॅडम फाटकाशी आल्या. या वेळी आबांनी टोपीही घातली होती. निशा पुढे, आबा मागे. फाटकातून बाहेर येताच आबा क्षणभर अडखळले. समोर त्यांचा बांध होता. मग ते डावीकडे वळले आणि निशाच्या सायकलच्या मागून चालू लागले.

सिग्नलपाशी तुळशीरामकाका आधीच येऊन उभे होते. शेतात पाहुणा येणार म्हणून मालकाने हजर राहावं तसे, काखेत छत्री धरून. ते काही बोलणार होते, पण मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं आणि ते गप्प झाले.

निशा सायकलवरून उतरली. पायी जाणाऱ्यांचा दिवा लाल होता, पण रस्ता अगदी रिकामा. आबांचा उजवा हात आपोआप वर गेला, पाऊलही उचललं. निशाने मागे न बघता आपला हात आडवा केला, त्यांच्या पोटाला लागेल असा.

"आबा, हात खाली."

आबांनी हात खाली घेतला. आणि तेवढ्यात वळणावरून एक टँकर आला आणि धडधडत निघून गेला. आमच्या सगळ्यांच्या कपड्यांना वारा लागला. गावाबाहेरचा ड्रायव्हर होता, त्याने आमच्याकडे बघितलंही नाही.

मग दिवा हिरवा झाला. निशाने उजवीकडे बघितलं, थांबलेल्या रिक्षावाल्याच्या डोळ्यांत डोळे घातले आणि निघाली. दुभाजकापाशी थांबून डावीकडे बघताना तिच्या लक्षात आलं की आबा तिच्यामागे उभेच राहिलेत. ते पुढे बघत नव्हते, रस्त्याच्या लांबीकडे बघत होते. इतकी वर्षं त्यांनी तो रस्ता फक्त आडवा बघितला होता, बांधाच्या रुंदीएवढा. इथून तो पुलापासून पेट्रोल पंपापर्यंत सगळा दिसत होता. चार पदर, लाल दिव्यामागे खोळंबलेल्या गाड्यांची रांग, वर मोठमोठे फलक. मोठं खाचर कुठे आणि उंबर कुठे हे मला तर दाखवता आलं नसतं. आबांनाही येत नसावं.

"चला आबा," निशा म्हणाली. "हिरवा संपतोय."

तिने एका हाताने सायकल धरली आणि दुसऱ्या हाताने आबांचा हात. पलीकडे पोचेपर्यंत सोडला नाही.

शाळेच्या फाटकात मॅडमनी "हं" म्हटलं, पिशवीतून पास काढला आणि निशाच्या गळ्यात घातला. निशाने तिथल्या तिथे सायकलच्या घंटीवर असा हात चालवला की वर्गांच्या खिडक्यांत पोरं गोळा झाली. मॅडमनी आबांना नमस्कार केला. "तुम्ही थांबलात, म्हणून ती थांबायला शिकेल," त्या म्हणाल्या. आबांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. तुळशीरामकाका तोवर टपरीवर चहा सांगून मोकळे झाले होते.

दुपारी मी बाजारातून परत आले तर आमच्या रस्त्याकडच्या फाटकाशी आबा वाकून काहीतरी करत होते. दोन बांबू आडवे पडले होते, बाजूला बाभळीच्या काट्यांचा भारा. पेरणीनंतर शेतात गुरं शिरू नयेत म्हणून वाट बंद करतात, तसं ते फाटक बंद करत होते. म्हणजे आता आम्ही सगळ्यांनी मागच्या आळीतून, तुळशीरामकाकांच्या दारावरून जायचं. दुभाजकातली फट बुजवायला सांगायला पालिकेत जायचंय, असंही ते म्हणाले.

"आबा, हे कशाला?" मी विचारलं. "तुमचा बांध आहे ना."

ते बांबू फाटकाला लावून बघत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "शेत गेलं, हेतल."

हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मला एकदम रडू आलं. त्यांचे डोळेही ओलेच होते, पण हात थांबले नव्हते.

"पोर हाय," आबा म्हणाले. "तो सुंभ दे हिकडं, आनि ते टोक धर."

मी पिशवी खाली ठेवली आणि टोक धरलं.